गडगडाट ऐकला की तारा सोडवा



वळवाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस हे दोन्ही गर्जत येतात, हे आपल्या वाडवडिलांना कोणाकडून शिकावे लागले नाही. श्रावणातली झड दिवसचे दिवस चालते, परंतु तिच्यात गडगडाट थोडा. खरे भय मे महिन्याच्या अखेरीच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील त्या सायंकाळांचे, जेव्हा दुपारभर जीव उकडून निघतो, चारच्या सुमारास क्षितिजाच्या कडेला काळे डोंगर उभे राहतात आणि दिवेलागणीच्या आत आभाळ फाटते. कधी कधी तर ऋतूचीही मर्यादा राहत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन थंडीच्या तोंडावर, आमच्या गुजरातेत अवकाळी पावसाबरोबर विजा कोसळल्या आणि एकाच दिवसात २० हून अधिक माणसे दगावली. संबंध देशाचा हिशोब मांडला तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ बळी घेतले. त्यांतील बहुसंख्य आपल्यासारखीच खेड्यातली, शेतावाडीत राबणारी माणसे होती.

तेव्हा या आठवड्यात या सदरात विजेविषयी लिहावे असे ठरविले. त्याला निमित्तही घडले आहे. एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे: "आमचे घर गावाच्या सखल भागात आहे. मोबाईलला रेंज मिळत नाही. मुलगा आखातात नोकरीला आहे, त्याचा फोन रात्रीच येतो. शहरातील एक दुकानदार गच्चीवर बूस्टर बसवून देतो म्हणतो. पावसापाण्यात, गडगडाटात ते यंत्र चालू ठेवले तर चालेल काय? बंद ठेवले आणि नेमका त्याच वेळी मुलाचा फोन आला तर?"

प्रश्न एका आईचा आहे, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. गडगडाटात असे कोणतेही यंत्र चालू ठेवू नये. नुसते बटण बंद करूनही भागत नाही, तार ओढून काढावी लागते. आणि मोबाईलचा बूस्टर तर मुळात बसवूच नये, कारण तो कायद्याला मान्य नाही. मुलाचा आवाज ऐकण्याची दुसरी, निर्धोक आणि कायदेशीर वाट आहे. तीही पुढे सांगतो.

प्रथम आपल्या घरात अशी यंत्रे कोणती आहेत ते पाहू. गेल्या पन्नास वर्षांत आपली घरे पुष्कळ बदलली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. इकडे गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पिज या गावी १९७५ पासून दहा वर्षे इस्रोचे छोटेसे प्रक्षेपण केंद्र खेड्यांसाठी कार्यक्रम दाखवीत असे. केंद्रापासून लांब राहणाऱ्यांना चित्र स्पष्ट दिसेना, म्हणून छपरावर उंच लोखंडी नळी उभी राहिली, तिच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आला आणि अँटेनाखाली एक लहानशी डबी आली. तीच बूस्टर. तिला लागणारी वीज खोलीतल्या ॲडॅप्टरमधून त्याच तारेने वर जाते आणि त्याच तारेने चित्र खाली येते. पुढे डिशची छत्री आली. तिच्या तोंडाशी असलेले यंत्रही उपग्रहाकडून येणारा क्षीण संकेत वाढविण्याचेच काम करते. केबलवाल्याचा ॲम्प्लिफायर गल्लीतल्या खांबावर किंवा एखाद्याच्या वळचणीला बसला. आता बहुतेक घरांत वाय-फायचा राउटर आहे आणि आतल्या खोलीपर्यंत संकेत पोहोचावा म्हणून दुसरा एक्स्टेंडर आहे.

नावे निराळी असली तरी यांतील बहुतेकांची रचना एक. एक तार बाहेरून, बहुधा उंचावरून घरात येते. दुसरी तार भिंतीतल्या प्लगमधून विजेच्या खांबाकडे जाते. आणि दोहोंच्या मध्ये ते यंत्र व त्याला हात लावणारे आपण.

येथे एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. पण किती घरांच्या छपरांवर ती जुनी नळी अजून उभी आहे! खाली टीव्ही दुसऱ्याच छत्रीवर चालतो, नळीकडे कोणाचे लक्ष नाही, आणि तिची तार मात्र खिडकीतून आत येऊन कपाटामागे लोंबते आहे. निरुपयोगी झालेली ही तार विजेला निरुपयोगी नाही. ती आधी काढून टाका.

आता वीज म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडे समजून घेऊ. आपल्या घरातला पंखा चालतो तेव्हा त्यातून अर्ध्या ॲम्पिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. आकाशातून पडणाऱ्या एका सर्वसाधारण विजेत सुमारे ३०,००० ॲम्पिअर असतात. ज्या वाटेने ती जाते तेथील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी अधिक. ती हवा एकाएकी फुगते, तिचा स्फोट होतो, आणि त्या स्फोटाचा आवाज म्हणजेच मेघगर्जना. प्रकाश तात्काळ पोहोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात अंक मोजावेत. तीस मोजून झाले तर वीज सुमारे दहा किलोमीटरांवर आहे. दहा किलोमीटर दूर वाटतात. पण पुढची वीज आपल्या डोक्यावर पडायला तेवढे अंतर मुळीच जास्त नाही.

ही वीज घरात शिरते ती चार वाटांनी. पहिली वाट सरळ: ती थेट छपरावरच्या नळीवर पडते. दुसरी वाट दूरची: एक-दोन किलोमीटरांवर विजेच्या तारांवर किंवा टेलिफोनच्या खांबावर ती पडते आणि तारेतून धावत आपल्या प्लगपर्यंत येते. तिसरी वाट अदृश्य: शेजारच्या माडावर वीज पडली तरी जवळच्या तारांमध्ये, त्यांना स्पर्श न करताही, दाबाची एक लाट उठते, राउटरसारखी नाजूक यंत्रे बहुधा याच लाटेने मरतात. चौथी वाट जमिनीखालची: वीज जमिनीत शिरली की तेथील जमिनीचाच विद्युतदाब क्षणभर वाढतो, आणि एका घराच्या जमिनीत व दुसऱ्या घराच्या जमिनीत हजारो व्होल्टचा फरक पडतो. दोन घरांना जोडणारी तांब्याची तार असेल तर तो फरक त्या तारेतून वाट काढतो. आपल्याकडे भावाभावांची घरे शेजारी असतात; एकाच्या घरी इंटरनेट घेऊन अंगणावरून तार टाकून दुसऱ्याच्या घरी नेण्याची पद्धत पडली आहे. बंधुभाव चांगला, पण ती तांब्याची तार वाईट. तेथे काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची तार टाकावी, किंवा बिनतारी जोडणी करावी.

या सर्व विवेचनाचे सार एका जुन्या हकीकतीत आहे. विजेचा अभ्यास नुकताच सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली या गावी एक उंच लोखंडी सळई उभारलेली होती. बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचविलेला प्रयोग तो. ढग आले, राखणदाराने सळईतून ठिणग्या निघताना पाहिल्या आणि त्याने गावच्या धर्मगुरूंना बोलाविणे धाडले. फादर राउले गारांच्या माऱ्यातून धावत गेले आणि त्यांनी स्वतः ठिणग्या काढून पाहिल्या. ढगातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ते वाचले ही देवाची कृपा, कारण त्या सळईवर खरी वीज पडली नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५३ मध्ये, रशियातील पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान या विद्वानाने आपल्या छपरावरच्या सळईपासून एक तार घराच्या आत आणली आणि तिला मोजमापाचे यंत्र जोडले. ती तार जमिनीला जोडलेली नव्हती. वादळ आले, ते यंत्र पाहावयास रिखमान वाकले, आणि विजेचा लोळ यंत्रातून उसळून त्यांच्या कपाळावर आदळला. ते जागच्या जागी गतप्राण झाले.

आणि १७५४ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, प्रिमेतित्से या खेड्याचे धर्मगुरू फादर प्रोकोप दिविश यांनी एक उंच खांब उभारला. त्याच्या माथ्यावर कितीतरी अणकुचीदार टोके होती आणि तो खांब लोखंडी साखळ्यांनी जमिनीला जोडलेला होता. ढगांतली वीज हळूहळू काढून घेऊन वादळच शमवावे, अशी त्यांची कल्पना होती. ती पुरती खरी ठरली नाही. तथापि विजेला जमिनीची वाट मोकळी करून द्यावी, हे तत्त्व त्यांच्या साखळ्यांत होते. काही वर्षांनी त्या भागात अवर्षण पडले, तेव्हा त्या खांबानेच पाऊस पळविला असे म्हणून गावकऱ्यांनी तो मोडून टाकला!

वाचकहो, रिखमान यांची तार आणि दिविश यांची साखळी, या दोहोंत जो फरक आहे तोच आपल्या घराच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न आहे. उंच टोक दोघांकडेही होते. एकाने विजेला खोलीत बोलाविले, दुसऱ्याने तिला बाहेरच्या बाहेर जमिनीत पोहोचविले. आज आपल्या गच्चीवरून उतरून थेट बैठकीच्या खोलीत येणारी, जमिनीला न जोडलेली अँटेनाची तार ही रिखमान यांचीच तार आहे, हे विसरू नका.

आता प्रत्यक्ष काय करावे? पावसाळ्यापूर्वी करावयाच्या गोष्टी आणि गडगडाट सुरू झाल्यावर करावयाच्या गोष्टी, असे दोन भाग करतो.

पावसाळ्यापूर्वी पहिले काम अर्थिंगचे. आपल्या कित्येक घरांत तीन छिद्रांचा प्लग असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. ते केवळ शोभेला. परवानाधारक वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालावे, कारण कोरडी माती विजेला नीट वाट देत नाही. छपरावर नळी किंवा छत्री राहणारच असेल, तर ती निदान १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने, शक्य तितक्या सरळ आणि घराच्या बाहेरूनच, जमिनीला जोडावी. ही नळीची जोडणी आणि घराचे अर्थिंग ही एकमेकांना जोडलेली असावीत. दोन अर्थिंग वेगवेगळी ठेवली तर वीज पडल्यावर दोहोंमध्ये दाबाचा फरक राहतो आणि तो फरक तुमच्या टीव्हीतून, नाही तर तुमच्या हातातून भरून निघतो. हे काम घरी बसून, पक्कड घेऊन करण्याचे नव्हे. जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरे काम जागा बदलण्याचे. छत्री गच्चीच्या टोकावरच हवी असे नाही. छपराच्या कडेपासून दोन मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत ती बसविता आली तर धोका पुष्कळ कमी होतो. नळी उभी करताना विजेच्या तारांपासून तिच्या उंचीहून अधिक अंतर ठेवावे. वादळात नळी कोसळली आणि जिवंत तारेवर पडली तर आकाशातल्या विजेची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही.

तिसरे काम फायबरविषयी. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, ही गोष्ट खरी. परंतु खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या पुष्कळशा फायबरच्या तारांत बळकटीसाठी पोलादी तार घातलेली असते, आणि ती वीज वाहून नेते. बसविणाऱ्याला विचारून ती पोलादी तार घराबाहेरच तोडून थांबवून घ्यावी. शिवाय राउटरचा ॲडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये असतोच. ती वाट फायबरने बंद होत नाही.

आता गडगडाट सुरू झाल्यावरचे. खरे म्हणजे सुरू होण्याच्या आधीचे म्हटले पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे. आपल्यापासून २० व ४० किलोमीटरांच्या परिघात वीज पडत असल्यास ते मोबाईलवर सूचना देते. घरातल्या एका तरुणाने ते आपल्या फोनवर घ्यावे. आभाळ भरून आले, किंवा पहिला दूरचा गडगडाट ऐकला, की लगेच तीन गोष्टी कराव्यात: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, बूस्टरचा ॲडॅप्टर आणि राउटर यांचे प्लग भिंतीतून ओढून काढावेत, अँटेनाची किंवा छत्रीची तार टीव्हीपासून व सेट-टॉप बॉक्सपासून सोडवून, तिचे टोक यंत्रांपासून आणि मुलांच्या हातांपासून दूर, खिडकीजवळ ठेवावे, आणि फोन आधीच चार्ज करून चार्जरपासून वेगळा करावा.

"बटण बंद केले तर पुरे नाही का?" असे कोणी विचारील. पुरे नाही. बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरांची असते. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून येते, तिला ती फट म्हणजे उंबरठासुद्धा नव्हे. शिवाय बटण बहुधा एकच तार तोडते, दुसरी जोडलेलीच राहते. "आमच्याकडे एमसीबी आहे," असेही सांगतात. एमसीबी चांगलाच, पण तो आगीपासून आणि अतिभारापासून रक्षण करण्यासाठी असतो. त्याला हालचाल करण्यास सेकंदाचा काही हजारावा भाग तरी लागतो, आणि वीज आपले काम दशलक्षांश सेकंदांत आटोपून गेलेली असते. बाजारातला स्पाईक गार्ड दूरवरच्या लहान लाटा थोपवितो, तोही अर्थिंग चांगले असेल तरच. जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. इन्व्हर्टरवर राउटर चालवून आपण सुटलो असे समजणेही चूक, कारण इन्व्हर्टर त्याच घराच्या तारांना जोडलेला असतो.

मात्र एक महत्त्वाचा इशारा. हे सर्व वेळेवर करावे. वीज डोक्यावर कडाडू लागली असेल आणि प्लग काढावयाचा राहून गेला असेल, तर मग त्याला हात लावू नका. यंत्र जळाले तर दुसरे आणता येईल. त्या वेळी तारेच्या टीव्हीला, संगणकाला, तारेच्या टेलिफोनला, नळाला किंवा लोखंडी खिडकीला स्पर्श करू नका. अंघोळ, धुणी, भांडी थोडा वेळ थांबवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, मगच तारा पुन्हा जोडाव्यात. पाऊस थांबला म्हणजे वीज संपली, असे नसते.

आणि गच्ची! चित्र हलू लागले की "जरा वर जाऊन छत्री फिरव रे" असे आपण सहज म्हणतो. घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चपळ, तो ओल्या पत्र्यावरून वर चढतो, लोखंडी नळी दोन्ही हातांनी धरतो. सामना शेवटच्या षटकावर आलेला असो की मालिकेचा शेवटचा भाग चालू असो, गडगडाटात मुलाला छपरावर पाठविण्याइतके मोलाचे जगातल्या कोणत्याही पडद्यावर काही नाही. हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा मोठ्याने सांगून ठेवावा, म्हणजे त्या घाईच्या क्षणी वाद होणार नाही.

आता काही समजुतींविषयी. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. जन्माच्या वेळी बाळाचे पाय आधी आले म्हणून आकाशातील वीज त्याला ओळखत नाही. ती ओळखते फक्त उंची, टोक आणि जमिनीकडे जाणारी वाट. गडगडाटात पायाळू मुलाला माजघरात बसविणारे आणि इतर मुलांना अंगणात खेळू देणारे घर अर्धेच सावध आहे. मोबाईलने वीज ओढली जाते, अशीही भीती सर्वत्र पसरली आहे. तसे नाही. चार्जरला न जोडलेला मोबाईल घरात बसून वापरण्यास हरकत नाही. उघड्या शेतात फोनवर बोलणाऱ्यावर वीज पडते ती फोनमुळे नव्हे, तो उघड्यावर उभा असल्यामुळे. रबरी चपलेने रक्षण होते हाही भ्रमच. विजेने किलोमीटरभर हवा भेदली, तिला बोटभर रबर अडवीत नाही.

आपण ख्रिस्ती लोकांनीही आपल्या इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. युरोपात एके काळी वादळ आले की देवळाच्या मनोऱ्यावर चढून घंटा वाजविण्याची चाल होती. घंटेच्या नादाने वीज पांगते, अशी समजूत. गावातले सर्वांत उंच टोक, त्यात धातूची घंटा, आणि खाली ओली दोरी धरून उभा असलेला माणूस! १७८४ साली म्यूनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात, ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटा वाजविणारे मरण पावल्याची नोंद केली होती. ते सारे भाविक होते. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती, त्यांची माहिती अपुरी होती. गडगडाटात मेणबत्ती लावून, कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थना करावी; झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी घरात असावी; त्याने भ्यालेल्या लेकरांना धीर येतो आणि घर एकत्र येते. पण सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सुचविले, देव तुला झेलील असे सांगितले, तेव्हा प्रभूने ते मानले नाही, हे शुभवर्तमानात आपण वाचतो. प्लग काढणे हीसुद्धा देवाने दिलेल्या बुद्धीची आराधनाच आहे. आधी प्लग काढावा, मग प्रार्थनेला बसावे.

आता त्या माउलीच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. मोबाईलचा बूस्टर, ज्याला रिपीटरही म्हणतात, खासगी व्यक्तीने विकत घेणे, बाळगणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे, असे भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तो बसविण्याचा अधिकार परवानाधारक दूरसंचार कंपन्यांनाच आहे. दुकानात खुलेआम मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

या नियमामागे नुसती सरकारी आडमुठेपणाची वृत्ती नाही, हे समजून घ्यावे. मोबाईलचा टॉवर एकाच वेळी शेकडो फोनांचे अगदी क्षीण आवाज कान देऊन ऐकत असतो. देवळात सर्व मंडळी हळू आवाजात प्रार्थना म्हणत असता एकाने मध्येच कर्णा लावावा, तसा हलक्या प्रतीचा बूस्टर त्या टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो. आपल्या घरात चार रेघा दिसू लागतात आणि चार घरे पलीकडच्या माणसाचा फोन लागेनासा होतो. त्या घरी कोणी बाळंतीण अडली असेल, कोणाच्या छातीत कळ आली असेल, आणि १०८ ला लावलेला फोन त्या गोंगाटात बुडून जाईल. आपल्या मुलाचा आवाज ऐकण्यासाठी शेजाऱ्याची हाक बंद पाडावी, असे कोणत्याही आईला वाटणार नाही. तिला हे ठाऊक नसते इतकेच.

मग वाट कोणती? घरात फायबरचे किंवा अन्य ब्रॉडबँड घ्यावे आणि फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करावे. ही सोय आपल्या देशात २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी सुरू झाली. आता पुष्कळ फोनांत ती असते आणि तिच्यासाठी निराळे यंत्र लागत नाही. फोन टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून बोलतो, नंबर तोच राहतो. आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नसेल तर घरातल्या घरात एक्स्टेंडर लावावा. त्याला परवाना लागत नाही, त्याची तार छपरावर जात नाही, आणि गडगडाटात तो प्लगमधून काढणे एका हाताचे काम. याखेरीज गावातील दहा-वीस कुटुंबांनी मिळून, ग्रामपंचायतीमार्फत, दूरसंचार कंपनीकडे रेंजविषयी लेखी तक्रार करावी. एकट्याचा बूस्टर करतो त्याहून टॉवरची सुधारणा सर्वांचे अधिक भले करते.

आणि वादळाच्या रात्री राउटर बंद असताना मुलाचा फोन आला तर? याचे उत्तर यंत्रात नाही, बोलण्यात आहे. मुलाला आजच सांगून ठेवावे: "बाबा रे, इकडे गडगडाट असला की आम्ही तारा काढून ठेवतो. फोन लागला नाही तर घाबरू नकोस. आम्ही सुखरूप आहोत म्हणूनच तो लागत नाही. पाऊस थांबल्यावर आम्ही तुला कळवू." परमुलखातल्या लेकराची अर्धी चिंता एवढ्या वाक्याने दूर होईल.

शेवटी, देव न करो, पण कोणावर वीज पडलीच तर काय करावे तेही प्रत्येक घराने जाणावे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. मात्र घरातली जिवंत तार त्याला चिकटलेली असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा. असा माणूस बहुधा हृदय थांबल्यामुळे दगावतो, आणि थांबलेले हृदय पुष्कळदा पुन्हा सुरू करता येते. तो श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावण्यास एकाला सांगावे आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. अनेकांवर वीज पडली असेल तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. जो कण्हतो आहे तो जिवंत आहे. दुर्दैवाने मृत्यू घडला तर त्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण अशा कुटुंबांना सरकारी साहाय्य मिळण्याची तरतूद आहे.

असो. या रविवारी मिस्साहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घराभोवती एक फेरी मारावी. छपराकडे पाहावे, न लागणारी नळी असेल तर, आभाळ स्वच्छ असताना, जाणत्या माणसाकडून ती उतरवून घ्यावी. बाहेरून आत येणाऱ्या तारा मोजाव्यात. मुलांना जवळ बोलावून कोणती तार कोठून काढावयाची ते दाखवावे, आणि त्यांच्याकडून एकदा काढवून घ्यावे. आजीलाही दाखवावे, कारण दुपारच्या वेळी घरात बहुधा तीच असते.

आपला,
एक धर्मगुरू
बडोदे